विमान, भिंग आणि शिकाऊ हात

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



१५ ऑगस्ट ही तारीख भारतीयांच्या मनात एका वेगळ्या कारणाने कोरली गेली आहे. आजच्या विषयाचा आरंभही त्याच तारखेला होतो, मात्र तो १९४० साली, इंग्लंडच्या दक्षिणेकडील विंचेस्टर शहराच्या आकाशात. ब्रिटिश हवाई दलाच्या ६०१ क्रमांकाच्या तुकडीतील गॉर्डन क्लीव्हर हा वैमानिक हरिकेन जातीचे लढाऊ विमान चालवीत होता. त्या दिवशी तो डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा न लावताच निघाला होता, असे सांगतात. शत्रूच्या गोळ्यांनी त्याच्या डोक्यावरील पारदर्शक छताच्या ठिकऱ्या उडाल्या आणि तिचे कण दोन्ही डोळ्यांत घुसले. दिसेनासे झालेल्या अवस्थेतही तो विमानातून बाहेर पडला व हवाई छत्रीने खाली उतरला. हाच तरुण नऊ वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातील किट्झब्युहेल येथे बर्फावरील घसरशर्यतींच्या एकत्रित स्पर्धेत पहिला आला होता. आता त्याचा उजवा डोळा कायमचा गेला आणि डावा अधू झाला.

त्या पिढीच्या वैमानिकाभोवती तीन वस्तू होत्या, आणि त्या तिन्ही पुढे नेत्रशल्यगृहात येऊन पोहोचल्या. पहिली वस्तू म्हणजे डोक्यावरचे ते छत. दुसरी, नेम धरण्यासाठी समोर बसविलेली तिरपी काच. तिसरी वस्तू विमानात नव्हती; ती जमिनीवर होती. ज्या लाकडी पेटीत बसून उड्डाणाचे धडे गिरविले जात, ती पेटी. या तिघींची कहाणी यंत्रांची आहे, तशीच ती एका अवघड प्रश्नाचीही आहे. कोणतेही नवे उपकरण आणि कोणताही नवशिका हात पहिल्यांदा कोणाच्या तरी डोळ्यावरच चालतो. तो डोळा कोणाचा असावा?

छत प्रथम घेऊ. ते काचेचे नव्हते, पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे होते. ॲक्रिलिकची पट्टी म्हणून जी वस्तू आज शाळेच्या कंपासपेटीत असते, तिचाच हा भाऊबंद. हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या नेत्रशल्यचिकित्सकाने क्लीव्हर व त्याच्यासारख्या इतर जखमी वैमानिकांचे डोळे तपासले. लोखंडाचा किंवा तांब्याचा कण डोळ्यात राहिला, तर डोळा लाल होतो, सुजतो आणि पुष्कळदा नासतो, हे त्या काळच्या प्रत्येक डॉक्टराला ठाऊक होते. पर्स्पेक्सचे कण मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे पडून राहिलेले रिडलीला दिसले. डोळ्याने त्यांच्याशी भांडण मांडले नव्हते.

या निरीक्षणाचे मोल कळण्यासाठी त्या वेळची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर आणली पाहिजे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे, हा मोतीबिंदू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने तो दृष्टीच्या मार्गातून बाजूला सारण्याची कृती सांगितली आहे. तशाच पद्धतीने काम करणारे फिरते वैदू भारतात विसाव्या शतकातही होते. फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल याने १७४७ साली भिंग डोळ्याबाहेर काढण्याची वाट दाखविली. तथापि भिंग सारले काय किंवा काढले काय, मागे उरणारा डोळा बिनभिंगाचाच. त्याची भरपाई सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड चष्म्याने करावी लागे. घरोघरच्या जुन्या छायाचित्रांत आजोबांच्या नाकावर तो चष्मा आजही दिसतो, आणि त्यामागचे डोळे विलक्षण मोठे दिसतात. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे एक चतुर्थांशाने मोठ्या दिसत, कडेचा भाग दिसेनासा होई, पायरीचा अंदाज चुके. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दोन डोळ्यांतील प्रतिमा लहानमोठ्या होऊन मेंदूला त्यांचा मेळ घालता येत नसे. खेड्यातल्या म्हातारीचा तो चष्मा फुटला किंवा हरवला, की शस्त्रक्रिया झालेली असूनही ती पुन्हा आंधळीच.

रिडलीची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने सहज विचारले, की जुने भिंग काढले ते ठीक, पण त्या जागी नवे का बसवीत नाही? शिक्षकांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा. असला भाबडा प्रश्न वर्गात विचारणाऱ्या मुलाला बहुधा खाली बसविले जाते. रिडलीच्या मनात तो विचार आधीपासून घोळत होताच. प्रश्नाने त्याला टोचणी लागली. रेनर या चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीतील जॉन पाइक या प्रकाशतज्ज्ञाशी बोलून त्याने शुद्ध पर्स्पेक्सचे भिंग घडवून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी, कसलाही गाजावाजा न करता, सेंट थॉमस रुग्णालयात ४५ वर्षांच्या एका स्त्रीवर त्या शस्त्रक्रियेला हात घातला.

भिंग डोळ्याने स्वीकारले. चष्म्याचा नंबर मात्र उणे अठराच्या घरात गेला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी याचे कारण स्वतः काढून पाहावे, इतके ते सोपे आहे. भिंगाचे वक्र पृष्ठभाग नैसर्गिक भिंगासारखेच ठेवले होते, परंतु पर्स्पेक्सचा अपवर्तनांक १.४९, तर नैसर्गिक भिंगाचा सरासरी १.४२ च्या आसपास. भिंग हवेत नव्हे, तर १.३४ अपवर्तनांकाच्या द्रवात बुडालेले असते. भिंगाची शक्ती ठरते ती या द्रवाशी असलेल्या फरकावर. तो फरक एकीकडे ०.०८ आणि दुसरीकडे ०.१५, म्हणजे नवे भिंग जवळजवळ दुप्पट शक्तीचे झाले. पुढच्या भिंगांत ही चूक सुधारली गेली. ती सुधारता आली, कारण एका स्त्रीने उणे अठराचा नंबर सोसला. शोधांच्या इतिहासात रिडलीचे नाव आहे. तिचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही.

१९५१ साली ऑक्सफर्ड येथील नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत रिडलीने आपले काम मांडले आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्णही सोबत नेले. सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर हे त्या काळचे सर्वांत वजनदार नेत्रतज्ज्ञ. त्यांनी त्या रुग्णांचे डोळे तपासण्यासही नकार दिला. विरोधकांना आज अडाणी ठरविणे सोपे आहे, पण तसे ते नव्हते. ज्या डॉक्टराने आयुष्यभर डोळ्यांतून परके कण काढले, त्याला मुद्दाम एक परका तुकडा आत ठेवणे हा अविचारच वाटणार. शिवाय पहिल्या भिंगांपैकी काही खरोखरच जागेवरून सरकली, काही डोळे सुजले, काही भिंगे पुन्हा काढावी लागली. विरोध करण्यात गैर काही नव्हते. गैर होते ते न तपासता नाकारण्यात. पुढची तीन दशके सुधारणांत आणि वादात गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा भिंगांना मान्यता दिली ती १९८१ साली. रिडलीला १९८६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि २००० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, 'सर' हा किताब. तत्पूर्वी त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतही, त्याच सेंट थॉमस रुग्णालयात, कृत्रिम भिंगे बसविली गेली होती. क्लीव्हरच्या उरलेल्या डाव्या डोळ्यात पुढे मोतीबिंदू झाला, तेव्हा १९८७ मध्ये त्यालाही तसलेच भिंग मिळाले.

मधल्या काळात न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन याने दुसरे टोक गाठले. दंतवैद्याच्या खुर्चीत दात साफ करून घेताना, श्राव्यातीत ध्वनीच्या कंपनसंख्येने थरथरणारे ते उपकरण पाहून, तसल्याच थरथरत्या सुईने मोतीबिंदू आतल्या आत फोडून शोषून घेता येईल, असे त्याला सुचले. १९६७ साली त्याने ते माणसावर करून दाखविले. त्यामुळे डोळ्यावरची चीर काही मिलिमीटरांवर आली. यंत्र मात्र महाग होते आणि आहे.

आता दुसरी वस्तू, ती तिरपी काच. डब्लिनचा दुर्बिणी बनविणारा कारागीर हॉवर्ड ग्रब याने १९०० साली तिची कल्पना मांडली. बंदुकीने नेम धरताना जवळची माशी आणि दूरचे लक्ष्य ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, ही जुनीच अडचण. ग्रबने बहिर्वक्र भिंगाच्या नाभीपाशी एक प्रकाशमान खूण ठेवली. नाभीपासून निघालेले किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात, हे शालेय पुस्तकातले वाक्य. ते समांतर किरण तिरप्या काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात आले, की खूण अतिदूर, आकाशातच कोरलेली असावी अशी दिसते. डोके जरा हलले, तरी ती लक्ष्यावरून ढळत नाही. दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन आणि स्पिटफायर विमानांत हेच तत्त्व वापरले होते. पुढे त्या काचेवर नुसत्या वर्तुळाऐवजी वेग, उंची, दिशा हे सारे उमटू लागले, आणि वैमानिकाला मान खाली घालून काटे पाहण्याची गरज उरली नाही. यालाच 'हेड-अप डिस्प्ले' म्हणतात. भारताच्या तेजस विमानासाठी असे उपकरण चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केले, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना विशेष जवळची वाटावी. देशातले शास्त्रीय काम मोठ्या महानगरांतच होते, हा एक गैरसमजच आहे.

शस्त्रक्रियागृहात हे नाव पोहोचले ते अलीकडे. नेत्रशल्यचिकित्सक तासन्‌तास मान वाकवून सूक्ष्मदर्शकाच्या नळ्यांना डोळे लावून बसतो. मानेचे आणि पाठीचे दुखणे हा या व्यवसायाचा जणू वारसाच. आता सूक्ष्मदर्शकाच्या जागी दोन कॅमेरे बसवून त्यांचे चित्र मोठ्या पडद्यावर दाखवितात. विशेष चष्म्यातून उजव्या डोळ्याला उजवे आणि डाव्याला डावे चित्र मिळाले, की खोली दिसू लागते. दोन किंचित वेगळ्या चित्रांतून मेंदू खोली घडवितो, हे चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ सालीच दाखवून दिले होते. या पद्धतीलाही 'हेड्‌स-अप' असेच म्हणतात. खरे पाहता यात तिरपी काच नाही, दूरवर तरंगणारी खूण नाही. मान वर राहते, एवढ्याच साम्यावर वैमानिकांचे नाव उसने घेतले आहे. परंतु तिचा खरा लाभ मानेपेक्षा मोठा आहे. पूर्वी गुरू आत काय करतो हे नीट दिसे ते फक्त गुरूला आणि बाजूची नळी मिळालेल्या एखाद्याच शिष्याला. आता खोलीतील परिचारिकेपासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे त्याच खोलीचे, तेच दृश्य त्याच क्षणी पाहतात.

पण पाहून येते ते ज्ञान. हाताला येते ते कसब. इथे तिसरी वस्तू, ती पेटी, कामाला येते.

एडविन लिंक हा अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावचा. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. हार्मोनियमचा भाता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची युक्ती चटकन कळेल. ऑर्गनमध्ये वापरले जाणारे हवेचे भाते आणि झडपा घेऊन त्याने १९२९ साली एक लहानसे खोटे विमान तयार केले. आत बसणाऱ्याने दांडी ढकलली, की भात्यांत हवा भरून पेटी डोलते, वळते, नाक खाली करते. आरंभी ही पेटी विकली गेली ती जत्रेतल्या खेळण्यासारखी, करमणुकीच्या बागांना. मग १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या विमानांवर टपाल वाहण्याचे काम येऊन पडले. धुक्यात आणि रात्री केवळ उपकरणे पाहून उडण्याची सवय नसल्याने काही आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणास मुकले. त्यानंतर सैन्याने लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. निळ्या रंगाच्या त्या पेटीचे झाकण लावले, की आत अंधार. समोर फक्त काटे. महायुद्धाच्या काळात पाच लाखांहून अधिक जणांनी त्यात धडे घेतले. पेटी कोसळली, तर शिक्षक झाकण उघडून पुन्हा सुरुवात करायला सांगत असे.

त्या पेटीला खिडकी नव्हती. बाहेरचे खोटे जग दाखविण्याची विद्या पुढे आली: आधी गावांच्या छोट्या प्रतिकृतींवरून फिरणारे कॅमेरे, नंतर संगणकाने रेखाटलेली दृश्ये. १९६८ साली आयव्हन सदरलंड याने डोक्यावर घालण्याचे एक दृश्ययंत्र दाखविले. मान वळविली, की त्यातील रेषांचा ठोकळा त्यानुसार वेगळ्या बाजूने दिसे. यंत्र छताला टांगून ठेवावे लागे. त्याच वर्षी सदरलंडने डेव्हिड इव्हान्सबरोबर सॉल्ट लेक सिटी येथे कंपनी काढली आणि तिने पुढे वैमानिकांच्या सिम्युलेटरांसाठी धावपट्ट्या, ढग आणि डोंगर चितारले.

वैमानिकांच्या जगाने एक नियम केव्हाच स्वीकारला होता: पहिली चूक जमिनीवर व्हावी. शल्यचिकित्सेने तो स्वीकारायला कितीतरी वर्षे लावली. भिंग ज्या पारदर्शक पिशवीत असते, तिचा मागचा पापुद्रा मध्यभागी सुमारे चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. तो फाटला, तर डोळ्यातला जेलीसारखा द्रव पुढे येतो आणि साधी शस्त्रक्रिया संकटात सापडते. नवशिक्याच्या हातून तो फाटण्याची शक्यता अधिक, हे सर्वांना माहीत असते. शिकण्यासाठी प्राण्यांचे डोळे वापरतात. भारतात बहुधा शेळीचे. त्यांवर टाका घालणे, चीर घेणे जमते. पण त्यांतली पिशवी माणसाच्या पिशवीसारखी वागत नाही. म्हणून खरे शिक्षण माणसाच्या डोळ्यावरच होत आले आहे, आणि जगभर तो डोळा प्रायः त्या माणसाचा असतो, ज्याला डॉक्टर निवडण्याची ऐपत नसते. यात कोणा एका रुग्णालयाचा किंवा डॉक्टराचा दोष नाही. शिकल्यावाचून कोणी तज्ज्ञ होत नाही, आणि तज्ज्ञ झाले नाहीत, तर त्याच गरिबाचा मोतीबिंदू तसाच राहतो. कोडे खरे आहे.

जर्मनीतील मानहाइम येथे 'आयसी' नावाचा सिम्युलेटर तयार झाला. त्यात प्लास्टिकचा डोळा, त्यात शिरणारी उपकरणे आणि सूक्ष्मदर्शकात दिसणारे संगणकनिर्मित दृश्य, असा सारा थाट असतो. पिशवी फाटली, तर पडद्यावर फाटते, आणि गुणपत्रिकेत गुण कमी होतात. ब्रिटनमध्ये याचा परिणाम मोजला गेला. प्रशिक्षणाच्या पहिल्या व दुसऱ्या वर्षातील डॉक्टरांच्या शस्त्रक्रियांत मागची पिशवी फाटण्याचे प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होते. २०१५ मध्ये ते २.६ टक्क्यांवर आले. आकडा लहान वाटतो. हजार डोळ्यांमागे सोळा डोळे, असा हिशेब केला, की तो लहान राहत नाही.

भारताने या कोड्याकडे आणखी एका बाजूने पाहिले. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. त्या बोटांनी शस्त्र धरायला ते नव्याने शिकले. शस्त्रक्रिया मोफत केली, तरी परदेशी भिंग गरिबाला परवडत नव्हते. म्हणून १९९२ साली मदुराईतच ऑरोलॅब ही संस्था उभी राहिली आणि रिडलीच्या भिंगाची नात म्हणावी अशी भिंगे अगदी थोड्या पैशांत बनू लागली. आज ती शंभराहून अधिक देशांत जातात. केलमनच्या महाग यंत्रालाही पर्याय होता: हाताने, लहान चिरेतून, टाका न घालता मोतीबिंदू काढण्याची पद्धत. तिची परीक्षा पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर झाली. कोणत्या रुग्णाला कोणती शस्त्रक्रिया, हे चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरविले होते. सहा आठवड्यांनी विनाचष्मा दृष्टी यंत्राच्या गटात काहीशी सरस होती. योग्य चष्मा दिल्यावर दोन्ही गट बरोबरीचे ठरले. ज्या देशात मोतीबिंदूचे रुग्ण लाखांनी मोजावे लागतात, तिथे या बरोबरीचा अर्थ फार मोठा आहे. नव्या यंत्राची वाट पाहत थांबण्याचे कारण नव्हते.

या हाताच्या पद्धतीसाठीही सिम्युलेटर हवा, हे सुचले ते एका वैमानिकाला. अल्बर्ट युल्ट्शी याने १९५१ साली वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकविणारी फ्लाइटसेफ्टी ही कंपनी काढली आणि आयुष्यभर तोच व्यवसाय केला. उतारवयात, २०१० साली, त्याने मुलासह 'हेल्पमीसी' ही संस्था स्थापन केली. जे वैमानिकांसाठी केले, तेच मोतीबिंदूच्या शल्यचिकित्सकांसाठी करायचे, हा तिचा हेतू. तिच्या यंत्रात हाताला डोळ्याच्या ऊतींचा विरोधही जाणवतो: पाते किती खोल गेले, ऊती किती ताणल्या गेल्या, हे बोटांना कळते. मुंबईत तिचे प्रशिक्षण केंद्र आहे. युल्ट्शी २०१२ मध्ये वारला.

एक गोष्ट या यंत्रांत अजून आलेली नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा बधिर केलेला असतो. माणूस जागा असतो. त्याला उपकरणांचे आवाज ऐकू येतात, तो खोकतो, घाबरून मान हलवितो, मधेच घरच्यांची चौकशी करतो. पडद्यावरचा प्लास्टिकचा डोळा यांपैकी काहीच करीत नाही. म्हणून सिम्युलेटरवर शेकडो वेळा चीर घेतलेल्या तरुण डॉक्टरालाही पहिल्या खऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी शेजारी एक ज्येष्ठ लागतो, आणि तो ज्येष्ठ बहुतेक वेळा हाताला हात लावीत नाही. तो हिरव्या कापडाखाली झाकलेल्या आजीशी तिच्या भाषेत बोलत राहतो: आजी, खाली पायाकडे बघा, हलू नका, झालेच आता.